ताडपत्री बांधताना पडणारे आमचे ड्रायव्हर

मासळीच्या गाडीचा अपघात म्हटला की आपल्याला घाटरस्ता आठवतो. पण गाडी जेटीवर उभी, इंजिन बंद, आणि तेव्हाच ड्रायव्हर वरून खाली येतो. त्याला अपघात कोणी म्हणत नाही. "पाय सरकला", एवढंच.

हौद्याची फळी जमिनीपासून मीटर-सव्वा मीटर उंच. वर तारल्यांचे, बांगड्यांचे क्रेट रचले की ताडपत्री बांधणारा तीन मीटरच्या आसपास उभा असतो. पायाखाली बर्फाचं पाणी आणि मासळीचा बुळबुळीतपणा, त्यात पहाटेचा काळोख. मुख्य म्हणजे तो कडेकडे पाठ करून दोर स्वतःकडे ओढतो. गाठ सुटली किंवा कुजका दोर तुटला, की तो आपल्याच जोराने मागे जातो. धरायला काही नाही, खाली काँक्रीट.

पायांवर पडला म्हणजे वाचला असं समजू नका. टाचांवर आदळलं तर टाचेचं हाड मोडू शकतं, आणि तोच दणका कधी कण्यालाही बसतो. दवाखान्यात टाच दाखवाल तेव्हा कंबरही दाखवा. मान-पाठ दुखत असेल तर उचलून बसवू नका, आहे तसा ठेवून १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी येत असेल तर त्याच्या हातात स्टिअरिंग नकोच, मासळी नासली तरी चालेल.

ट्रिपवर पैसे घेणाऱ्याचा पाय मोडला की घरात चूल कशी पेटायची? कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची, हे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलंय. म्हणून "पाय सरकला" म्हणून विषय मिटवू नका. जागा, वेळ, पाहणाऱ्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा.

खरं तर वर चढायची पाळीच येऊ नये. क्रेट हौद्याच्या कडेपेक्षा वर नेऊ नका. ताडपत्रीच्या टोकांना दोर बांधून खालूनच दोघांनी ओढून घ्या. चढलातच तर उतरताना तोंड गाडीकडे, उडी नको. "क्लीनर पोराला चढवतो" हा काय उपाय झाला? पोरगाही पडतोच.

जून-जुलैच्या बंदीत बऱ्याच गाड्या उभ्याच असतात. तेव्हा फाळक्याजवळ दोन पायऱ्या आणि धरायला एक दांडा वेल्डिंग करून घ्या.