मामूंची विलायती गाडी

आमचे मोठे मामू आज ऐंशीचे आहेत. उजवा गुडघा दुखू लागला की हसून म्हणतात, "ही त्या गाडीच्या किकची मेहरबानी!"

मामू 1966 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून बर्मिंगहॅमला गेले आणि स्मॉल हीथ भागात भाड्याच्या खोलीत राहू लागले. बीएसएचा मोटारसायकलींचा अवाढव्य कारखाना तिथंच होता. ही कंपनी 1861 साली सुरू झाली ती बंदुका बनवण्यासाठी. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ या गाड्यांचा तेव्हा जगभर दबदबा होता. मामूंनीही 650 सीसीची एक इंग्रजी गाडी सेकंडहँड घेतली.

तिचा आवाज ऐकून गल्लीतली पोरं धावत बाहेर येत. रविवारी दोस्ताला मागे बसवून मामू वेल्सच्या डोंगरांपर्यंत जात. तिथले घाट चढताना त्यांना कोकण आठवे. गियर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. ती सवय अजून सुटलेली नाही.

पण डोकेदुखीही तेवढीच. इंजिनच्या सांध्यातून तेल झिरपायचं, म्हणून रात्री खाली पत्र्याचा डबा ठेवावा लागे. हादऱ्यांनी नट सैल व्हायचे आणि पावसात दिवे दगा द्यायचे. 1969 मध्ये होंडाची चार सिलिंडरची 750 आली. तिला पुढे डिस्क ब्रेक होता आणि ती बटण दाबताच सुरू व्हायची. तेल गळत नसे. 1973 पर्यंत बीएसए पार डबघाईला आली.

त्याच्या आदल्या वर्षी अम्मी मॅट्रिक झाली होती. तिला रत्नागिरीला कॉलेजात जायचं होतं. नानीने मामूंना पैशांसाठी पत्र लिहिलं. उत्तर आलं, "सध्या हात तंग आहे." अम्मी घरीच राहिली. 1975 मध्ये तिच्या लग्नासाठी मामूंनी गाडी विकली.

हात तंग का होता, ते मामूंनी गेल्या ईदला सांगितलं. त्या हिवाळ्यात इंजिन जाम झालं होतं आणि साठवलेले सगळे पैसे दुरुस्तीत गेले होते. माझ्या बीएडची फी मामूंनी हट्टाने का भरली, ते मला तेव्हा कळलं.

अम्मी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भाईजान, त्या गाडीवरचा तुमचा फोटो मी अजून जपून ठेवलाय."

माझा मुलगा सध्या बाइकसाठी हटून बसलाय. मामूंना विचारलं, तर म्हणाले, "जरूर घेऊन दे. पण आधी मुलीच्या फीचे पैसे बाजूला काढ."