झांझिबारचा फारोख, पाचगणीचा फ्रेडी

रास अल खैमा : अरबी आखाताच्या मुखाशी वसलेले हे छोटे अमीरराज्य आपल्यापैकी पुष्कळांना नकाशात शोधावे लागेल. पण समुद्राच्या इतिहासात त्याचे नाव मोठे आहे. येथील जुने बंदर जुल्फार. पंधराव्या शतकातील विख्यात नाविक अहमद इब्न माजिद याच गावचा. कोणत्या वाऱ्यावर कोठे जावे, हे त्याने आपल्या ग्रंथांत लिहून ठेवले. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून या किनाऱ्याची गलबते पूर्व आफ्रिकेकडे जात आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की परतत. त्याच वाऱ्यांनी हिंदी व्यापारी झांझिबारला नेले. आज ज्या गायकाची हकीकत सांगायची आहे, तोही या समुद्राचेच लेकरू.

‘क्वीन’ या इंग्रज रॉक वाद्यवृंदाचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी हे नाव आपल्या घरांतील तरुण मुलांना ठाऊक असते. त्याचे ‘वुई आर द चॅम्पियन्स’ हे १९७७ सालचे गाणे तर फुटबॉलच्या मैदानांवर आजही घुमते. पण या नावामागचे मूळ नाव फारोख बलसारा, आणि त्याच्या शिक्षणाची शाळा सातारा जिल्ह्यातील पाचगणीची, हे किती जणांना माहीत असते?

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारच्या स्टोन टाऊनमध्ये झाला. कुटुंब पारशी. बलसारा हे आडनाव गुजरातेतील बलसाड, म्हणजे आजचे वलसाड, या गावावरून आलेले. वडील बोमी हे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आईचे नाव जेर. झांझिबारवर तेव्हा ओमानी वंशाच्या अरब सुलतानाचे राज्य होते आणि त्यावर इंग्रजांचे संरक्षण. बाजारात स्वाहिली, घरात गुजराती, कचेरीत इंग्रजी आणि मशिदीत अरबी, अशा वातावरणात मूल वाढत होते. बेटावर एकाच दिवसात चार भाषा कानी पडणे म्हणजे काय, हे आपणा मॉरिशसवासीयांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईवडिलांनी त्याला आठव्या वर्षाच्या सुमारास आगबोटीने मुंबईला पाठवले. तेथून सह्याद्रीचा घाट चढून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. आईवडील समुद्रापलीकडे, सुट्टीत मुंबईला आजीकडे आणि मावशीकडे जायचे. तोंडात चार दात जास्त असल्याने त्याचे वरचे दात पुढे आलेले होते, आणि पोरे त्यावरून चिडवत. मात्र मूल खचले नाही. त्याने टेबल टेनिसमध्ये शाळेचे अजिंक्यपद मिळवले, मुष्टियुद्धही केले. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला येथेच पडले.

या शाळेत एक गोष्ट अशी घडली की, पुढच्या साऱ्या आयुष्याचे मूळ तेथे सापडते. मुलाला संगीताचे अंग आहे, हे मुख्याध्यापकांच्या लक्षात आले. त्यांनी आईवडिलांना पत्र लिहून सुचवले की, थोडी अधिक फी भरल्यास त्याला पियानोची स्वतंत्र शिकवणी देता येईल. कारकुनी पगारावर संसार करणाऱ्या बोमी बलसारांनी ते मान्य केले. मुलाने पियानोची चौथी श्रेणी गाठली. बारा वर्षांचा असताना त्याने आणि चार सोबत्यांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद काढला. त्यात तो मुख्य गायक नव्हता, पियानो वाजवत असे. तेव्हा रेडिओवर गाजणारी विलायती गाणी ही मुले शाळेच्या समारंभांतून वाजवीत.

शिक्षण आटोपून तो झांझिबारला परतला. १० डिसेंबर १९६३ रोजी बेट स्वतंत्र झाले, आणि जेमतेम महिन्याभरात, १२ जानेवारी १९६४ रोजी, तेथे क्रांती झाली. सुलतान पळाला. हजारो अरब आणि हिंदी लोक मारले गेले किंवा परागंदा झाले. बलसारा कुटुंबानेही थोडक्या सामानानिशी इंग्लंड गाठले आणि लंडनजवळील फेल्टम येथे लहानसे घर केले. वर्षानुवर्षे बेट आपले मानावे आणि एका रात्रीत परके ठरावे, याहून कठीण प्रसंग कोणता?

लंडनमध्ये फ्रेडीने ईलिंगच्या कलामहाविद्यालयातून १९६९ साली ग्राफिक कलेची पदविका घेतली. हीथ्रो विमानतळावर सामान उचलण्याचे काम केले, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. १९७० साली गिटारवादक ब्रायन मे आणि ढोलवादक रॉजर टेलर यांच्याशी त्याची जोडी जमली. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला. वाद्यवृंदाचे ‘क्वीन’ हे नाव फ्रेडीनेच ठेवले, बोधचिन्ह त्यानेच रेखाटले, आणि स्वतःचे आडनाव बदलून ‘मर्क्युरी’ केले.

१९७५ सालचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे त्याचे सर्वांत गाजलेले गीत. सुमारे सहा मिनिटांचे, मध्येच ऑपेरासारखे वळण घेणारे. त्यातील मोठा गायकवृंद ऐकून वाटते की शंभर माणसे गात असावीत. प्रत्यक्षात गाणारे तिघेच. तेच आवाज पुन्हा पुन्हा टेपवर एकावर एक चढवले. असे सुमारे १८० थर झाले, आणि टेप झिजून पारदर्शक होऊ लागली. एवढे लांब गाणे रेडिओ वाजवणार नाही, असे जाणकारांचे म्हणणे होते. पण ते इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्या गाण्यात अरबी प्रार्थनेचा आरंभीचा शब्द येतो. १९७८ च्या ‘मुस्तफा’मध्येही अरबी वळणाचे शब्द आहेत. झांझिबारच्या गल्ल्या कानातून गेल्या नव्हत्या, असेच म्हणावे लागेल.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळपीडितांसाठी वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’ हा जलसा झाला. सुमारे बहात्तर हजार श्रोते. ‘क्वीन’ला अवघी वीस मिनिटे मिळाली. फ्रेडीने नुसता स्वर टाकावा आणि अख्ख्या मैदानाने तो परत द्यावा, असे दृश्य जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. आपल्या झाकरीत मुख्य गवई ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलून धरतात, तोच हा न्याय.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थ येथे ‘क्वीन’बरोबर त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. पुढे एड्सने त्याला ग्रासले. त्या काळी या रोगाच्या नावानेच लोक दूर सरत. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजाराची जाहीर कबुली दिली आणि दुसऱ्याच दिवशी, पंचेचाळिसाव्या वर्षी, प्राण सोडला. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी धर्माप्रमाणे केला. १९९२ साली वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ जलसा झाला आणि त्यातून एड्सशी लढणारा ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला.

वाचकहो, हा माणूस कोणाचा? हयातीत तो आपल्या हिंदी मुळाविषयी फारसा बोलला नाही. झांझिबारने तरी त्याला सहज कुठे स्वीकारले? २००६ साली त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा तेथील सोहळा, पुरुषांशी असलेल्या त्याच्या संबंधांवरून धार्मिक संघटनांनी विरोध केल्यामुळे, रद्द करावा लागला. आता त्याच स्टोन टाऊनमध्ये प्रवासी त्याचे घर शोधत येतात. माणूस गेल्यावर त्याला आपला म्हणायला सारेच पुढे होतात. तो हयात असताना, त्याच्या नावासकट आणि स्वभावासकट त्याला घरात जागा देणे अवघड असते. आईने मात्र ती दिली. मुलाने नाव बदलले तरी जेरबाई २०१६ साली निधन पावेपर्यंत अभिमानाने त्याची आई म्हणून राहिल्या.

आपल्या मुलांपैकी कोणी मराठी भजन सोडून गिटार हाती घेतली, नाव आखूड केले, तर आपण लगेच रागावतो. रागावण्यापूर्वी पाचगणीच्या त्या पत्राची आठवण करावी. एका शिक्षकाने गुण ओळखला, एका बापाने पदरमोड करून फी भरली. व्हाक्वा असो, काटबोर्न असो की कास्काव्हेल, आपल्या शाळांत आणि बैठकांत अशा मुलांकडे लक्ष देणारे डोळे आहेत काय? मूल कोणत्या भाषेत गाईल, हे आपल्या हाती नसते. त्याचे गाणे वेळीच ऐकून घेणे मात्र आपल्या हाती असते.