पुढची काच बदलताना

मोटारीची पुढची काच ही एक काच नसते. सुमारे दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या पारदर्शक प्लास्टिकचा ०.७६ मिलिमीटरचा पडदा असे तीन थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलेले असतात. दगड लागला तर बाहेरचा थर तडकतो, पण तुकडे पडद्याला धरून राहतात, चालकाच्या डोळ्यांत उडत नाहीत. या काचेचे मूळ फ्रान्समध्ये आहे. १९०३ साली एदुआर बेनेदिक्तुस या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून काचेचा एक चंबू पडला. तो फुटला, पण विखुरला नाही. चंबूत पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर आतल्या बाजूला वाळून राहिला होता आणि त्यानेच तुकडे धरून ठेवले होते. १९०९ साली बेनेदिक्तुसने याचे पेटंट घेतले. बाजूच्या आणि मागच्या काचा सहसा वेगळ्या जातीच्या, म्हणजे टफन्ड असतात. त्या फुटल्या की त्यांचा बारीक चुरा होतो. पुढची काच मात्र वर सांगितलेल्या थरांची, म्हणजे लॅमिनेटेडच हवी, असे भारतातही केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो.

गिरगाव, परळ, लालबागच्या रस्त्यांवर अनेक दशके जी मोटार सर्वांत जास्त दिसली, त्या प्रीमियर पद्मिनीची काच बसवणे हे हाताच्या कसबाचे काम होते. काचेभोवती रबराचे जाड बीडिंग चढवायचे, बीडिंगच्या खाचेत दोरी घालायची, काच बाहेरून चौकटीला टेकवायची आणि आत बसलेल्याने दोरी हळूहळू ओढायची. दोरीबरोबर रबराचा ओठ चौकटीच्या कडेवर चढत जायचा आणि काच जागेवर बसायची. रस्त्याच्या कडेला, दोन माणसांत, थोड्या वेळात हे काम उरकत असे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती रस्त्यावरून हटली. त्या गाडीत काच हा फक्त वारा-पाऊस अडवणारा भाग होता. काढली तरी गाडीच्या सांगाड्याला फारसा फरक पडत नसे.

आजच्या गाडीत तसे नाही. काच चौकटीला पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते आणि ती सांगाड्याचाच भाग होते. वळणावर गाडीचे अंग पिळवटू नये यासाठी लागणाऱ्या ताठपणात तिचा वाटा असतो. गाडी उलटली तर छपराला आधार देण्यात ती हातभार लावते. चालकाशेजारची एअरबॅग फुगते तेव्हा बहुतेक गाड्यांत ती आधी काचेवर आपटते आणि मग प्रवाशाकडे वळते. काच नीट चिकटलेली नसेल तर एअरबॅग तिला बाहेर ढकलेल आणि प्रवाशाला वाचवायला काहीच उरणार नाही. काच बदलणे हे म्हणूनच सुरक्षेचे काम आहे. ते दिसण्यापुरते झाले तर झाले असे समजणे धोक्याचे आहे.

वेगवान आणि महागड्या गाड्यांत हीच गोष्ट आणखी अवघड होते. अशा गाडीचे नाक बुटके असते, काच जवळजवळ आडवी झोपलेली आणि खूप वळलेली असते. इतक्या कलत्या काचेतून पाहताना तिच्यातला बारीकसा लहरीपणाही डोळ्याला जाणवतो, त्यामुळे ती घडवताना कमालीची अचूकता लागते. वजन कमी करण्यासाठी काही उत्पादक जाडी घटवतात. फोर्ड जीटी या गाडीत तर आतला थर मोबाइलच्या पडद्याला वापरतात त्या जातीच्या, रासायनिक प्रक्रियेने कठीण केलेल्या पातळ काचेचा आहे.

चौकट पोलादाची असेलच असेही नाही. मराठी घरांत ज्या एका फेरारीची सर्वांत जास्त चर्चा झाली, ती सचिन तेंडुलकरची ३६० मोडेना. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी झाल्याबद्दल २००२ साली ती त्याला भेट मिळाली आणि तिच्यावरच्या सीमाशुल्कावरून पुढे बरेच वादळ उठले. त्या गाडीचा सांगाडा आणि अंग ॲल्युमिनियमचे आहे. मॅकलारेनच्या गाड्यांत आणि लॅम्बोर्गिनीच्या काही गाड्यांत प्रवासी बसतात तो भाग कार्बन फायबरचा असतो. पोलादी पत्र्यावर जुनी काच कापताना सुरी घसरली तर रंग जातो आणि पुढे गंज धरतो. कार्बन फायबरमध्ये सुरी शिरली तर सांगाड्याचे तंतूच कापले जातात. शिवाय ॲल्युमिनियम आणि कार्बन यांच्यामध्ये वीज वाहू देणारा चिकटा वापरला तर दमट हवेत धातू झिजू लागतो. अशा गाड्यांना वीज न वाहणारा, वाळल्यावर अधिक ताठ होणारा चिकटा लागतो. गिरगाव चौपाटीपासून वरळीपर्यंत खारा वारा खाणाऱ्या शहरात हे पथ्य अधिकच काटेकोरपणे पाळावे लागते.

दक्षिण आणि मध्य मुंबईत काच फुटण्याची कारणे शहराच्या जगण्यातलीच आहेत. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या परळ-लोअर परळच्या टॉवरांतून निघालेली गाडी बांधकामाच्या खडीच्या ट्रकमागे अडकते. पावसाळ्यात दादरच्या हिंदू कॉलनीतली किंवा पाच उद्यानांजवळची जुनी झाडे फांद्या टाकतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला खडा जोरात येऊन आदळतो. उन्हात तापलेल्या काचेवर आतून एकदम थंड एसीचा झोत सोडला तर आधीची बारीक टवका उडालेली जागा लांब चीर होऊन पसरते. म्हणून टवका दिसला की वाट पाहू नये, हा सल्ला अगदी खरा आहे. रुपयाच्या नाण्याएवढा, चालकाच्या थेट नजरेबाहेरचा आणि कडेपासून दूर असलेला टवका त्यात रेझिन भरून आणि ते अतिनील दिव्याखाली घट्ट करून बहुतेक वेळा थोपवता येतो. कारखान्यात बसलेली काच हलवावी लागत नाही, यापेक्षा चांगले काही नाही. चीर कडेला पोचली, आतल्या थरात गेली किंवा आरशामागच्या कॅमेऱ्यासमोर आली, तर मात्र काच बदलावीच लागते.

बदलायची ठरली की खरी परीक्षा योग्य काच मागवण्याची. गिरगावच्या टोकाला, ऑपेरा हाऊस परिसरात सुट्या भागांचा जुना बाजार आहे आणि नेहमीच्या गाड्यांच्या वस्तू तिथे सहज मिळतात. महागड्या गाड्यांच्या काचेला मात्र नाव आणि वर्ष पुरत नाही, चॅसिस नंबर लागतो. एकाच मॉडेलला चार प्रकारच्या काचा असू शकतात. एकीत आवाज शोषणारा मऊ पडदा, दुसरीत उष्णता परतवणारा धातूचा अदृश्य लेप, तिसरीत पावसाच्या सेन्सरची जागा, चौथीत हेड-अप डिस्प्लेची, म्हणजे वेगाचा आकडा काचेवर दाखवण्याची सोय. हेड-अप डिस्प्लेच्या काचेतला पडदा सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. तो खाली पातळ आणि वर किंचित जाड असतो. काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागावरून वेगाच्या आकड्याची दोन प्रतिबिंबे उमटतात, ती या पाचरीमुळे एकावर एक येतात. साधी काच बसवली तर आकडा कायमचा दुहेरी दिसतो आणि कितीही सेटिंग बदलले तरी दुरुस्त होत नाही.

मोटारींना लागणारी काच महाराष्ट्रातच मोठ्या प्रमाणावर होते. पुण्याजवळ भोसरी आणि चाकणला गाड्यांच्या काचांचे कारखाने आहेत, पनवेलजवळ तळोज्याला सपाट काच ओतली जाते आणि त्याच वाटेवरच्या तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना लोकवर्गणीतून उभा राहिला होता. पण मोजक्या संख्येत विकल्या जाणाऱ्या परदेशी गाडीची वळणदार काच इथे कोणी घडवत नाही. ती युरोपातून येते, सीमाशुल्क भरून सुटते आणि यात आठवडे जातात. किंमत अनेकदा लाखांत असते. हाती आल्यावर पेटी उघडताना कडा नीट तपासाव्यात, कारण कडेचा नखाएवढा टवकाही पुढे चीर होतो. कोपऱ्यातला शिक्काही वाचावा. वर्तुळातले ई हे अक्षर आणि आकडा यावरून कोणत्या देशाने मंजुरी दिली ते कळते: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली. भारतीय काचेवर आयएसआयची खूण असते.

विम्याबाबत एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. सर्वसमावेशक मोटार विम्यात रबर, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर मात्र घसारा शून्य असतो. म्हणजे गाडी कितीही वर्षांची असो, काचेची किंमत पूर्ण धरली जाते. बीडिंग, क्लिपा, प्लास्टिकची पट्टी यांवर कपात होते आणि १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीला २,००० रुपये स्वतः सोसावे लागतात. दावा केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस साधारणपणे जातो. तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल तर आधी दोन्ही आकडे मांडून पाहावेत. काम सुरू होण्याआधी कंपनीला कळवणे आणि फुटलेली काच सर्वेक्षकाला दाखवणे आवश्यक असते.

प्रत्यक्ष कामाला जागा छपराखालची आणि धूळ नसलेली लागते. टॉवरच्या पोडियमवर किंवा तळघरात येऊन काच बसवणारे कारागीर आहेत, पण सपाट जमीन आणि चांगला उजेड नसेल तर गाडी वर्कशॉपमध्ये नेणेच योग्य. आधी गाडीच्या संगणकातले दोष नोंदवून घेतात. मग वायपर, काचेखालचे प्लास्टिकचे आवरण, खांबांवरची पट्टी, आरसा, सेन्सर असे सगळे उतरवतात. खांबांत पडदा-एअरबॅग असू शकते, म्हणून तिथे घाई चालत नाही. जुना चिकटा कापायला महागड्या गाडीवर सुरीऐवजी बारीक, मजबूत दोरा वापरतात. तो आतून काचेभोवती फिरवतात आणि काचेला चिकटवलेल्या छोट्या चरखीने ओढत नेतात. रंगाला ओरखडा येत नाही.

यानंतरचा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका कोणाला न दिसणारा. चौकटीवरचा जुना चिकटा पूर्ण खरवडायचा नसतो. एक-दोन मिलिमीटरचा थर सपाट कापून ठेवायचा, कारण ताजा पॉलियुरेथेन ताज्या कापलेल्या पॉलियुरेथेनला जितका घट्ट धरतो तितका दुसऱ्या कशालाही नाही. रंगाला कुठे इजा झाली असेल तर तिथे प्रायमर लावायचा. नव्या काचेच्या काळ्या कडेवर स्वच्छक आणि गरजेनुसार प्रायमर. ही काळी कड शोभेची नसते. उन्हातली अतिनील किरणे चिकट्यापर्यंत पोचून तो कुजू नये म्हणून ती भाजून बसवलेली असते. हाताचा घाम किंवा गाडीच्या पॉलिशमधले सिलिकॉन या जागेला लागले तर चिकटा दिसायला बसतो, पण धरत नाही. कोरडी काच एकदा ठेवून पाहून, टेपच्या खुणा करून, मग उभ्या त्रिकोणी धारेत चिकटा न तुटता सर्वत्र ओतायचा आणि दोघांनी सक्शन कपांनी काच उचलून एकाच वेळी टेकवायची. चिकट्यावर साय धरायच्या आत हे व्हावे लागते. एकदा टेकलेली काच सरकवत बसले की धार मोडते आणि तिथूनच गळती सुरू होते.

मुंबईच्या हवेचा इथे दुहेरी परिणाम होतो. पॉलियुरेथेन हवेतल्या बाष्पाने पक्का होतो, त्यामुळे पावसाळ्याची दमट हवा त्याला मानवते. मात्र चौकटीवर किंवा काचेवर पाण्याचा थेंब असेल तर पकड बसतच नाही. कुलाब्याला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्यावर, दोन सरींच्या मधल्या वेळात काम उरकण्याचा आग्रह धरू नये. गाडी सुरक्षितपणे चालवायला किती वेळ थांबायचे ते चिकट्याच्या जातीवर ठरते, काही अर्ध्या तासात तयार होतात, काहींना अनेक तास लागतात. पूर्ण पक्का व्हायला त्याहून जास्त वेळ जातो, कारण तो बाहेरून आत असा दिवसाला काही मिलिमीटरच पक्का होत जातो. पहिले दिवस-दोन दिवस दाबाच्या पाण्याने गाडी धुऊ नये. बाजूची एक काच बोटभर उघडी ठेवावी, नाहीतर दार जोराने लावताना आतल्या हवेचा दाब ओल्या चिकट्यावर येतो.

काच बसली तरी काम अजून संपलेले नसते. आरशामागचा कॅमेरा पट्टे, गाड्या, पादचारी ओळखतो आणि ब्रेक लावण्याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. तो एका अंशाने जरी वळला तरी १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ अर्धी लेन. म्हणून सपाट जागेत ठरलेल्या अंतरावर नक्षीचा फलक ठेवून किंवा ठळक पट्ट्यांच्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवून कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. दादर-परळच्या रस्त्यांवर पट्टे पुसलेले आणि वाहतूक खोळंबलेली असते. दुसरी पद्धत तिथे जमणे कठीण. पावसाच्या सेन्सरखालची जेलची पट्टीही नवी लागते. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर वायपर कोरड्या काचेवर फिरत राहतात.

शेवटी राहतो फास्टॅग. तो काढताना निकामी व्हावा अशाच रीतीने बनवलेला असतो, त्यामुळे जुन्या काचेबरोबर तो जातो आणि बँकेकडून बदली टॅग घ्यावा लागतो. सागरी सेतू किंवा अटल सेतूवर जाण्याआधी हे केलेले बरे. धातूचा लेप असलेल्या काचेतून रेडिओ लहरी नीट जात नाहीत, म्हणून आरशाजवळ काळ्या ठिपक्यांनी वेढलेली बिनलेपाची जागा ठेवलेली असते. टॅग तिथेच लावावा. नव्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, असे नियम १०० सांगतो आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काळ्या फिल्मवर बंदी घालताना तोच नियम आधाराला घेतला होता. बिलावर काचेचा भाग क्रमांक, चिकट्याचे नाव आणि कॅमेरा जुळवल्याचा अहवाल लिहून घ्यावा. पुढे गळती निघाली किंवा गाडी विकायची झाली तर हीच कागदपत्रे लागतात.