पेल्याची साखळी

एसटी स्टँडवरची पाणपोई तुम्ही पाहिली असेलच. माठ, माठावर झाकण आणि पाणी प्यायला एक पेला. आणि त्या पेल्याला? हो, साखळी! पाणी फुकट, कुणीही या, पोटभर प्या. मग पेल्याला साखळी कशाला बरं? "पेला कुणी पळवू नये म्हणून!" असं तुम्ही चटकन सांगाल. बरोबर आहे. पण पुढच्या वेळी त्या साखळीची लांबी पाहा. माठापासून माणसाच्या तोंडापर्यंत ती सहज पोचते, पण माणसाच्या पिशवीपर्यंत काही पोचत नाही.

आज अशाच एका पाणपोईची गोष्ट सांगणार आहे. तिथं पाण्याऐवजी चक्क कॉम्प्युटर वाटले जात होते!

कॉम्प्युटरचं जाळं, म्हणजे नेटवर्क, कसं चालतं याचा अभ्यास करायचा तर एक कॉम्प्युटर पुरत नाही. पत्र पाठवायचं म्हटलं की दुसरं गाव लागणारच, तसंच हे. माहिती पुण्याहून निघाली तर ब्राझीलला किती वेळात पोचते? वाटेतली एखादी लाइन बंद पडली तर कुठून वळून जाते? हे खरोखर करून पाहायचं तर देशोदेशी आपले कॉम्प्युटर हवेत. एवढे पैसे कुठल्या विद्यार्थ्याकडे असणार?

२००२ साली अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचे लॅरी पीटरसन, बर्कलीचे डेव्हिड कलर आणि त्यांचे सोबती एकत्र आले आणि त्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येक विद्यापीठानं आपले निदान दोन कॉम्प्युटर सगळ्यांसाठी द्यायचे आणि त्या बदल्यात सगळ्यांचे कॉम्प्युटर वापरायचे. सुरुवातीचे सुमारे १०० कॉम्प्युटर इंटेल कंपनीनं दिले. पुढं हा आकडा हजारावर गेला. या सामायिक प्रयोगशाळेचं नाव होतं 'प्लॅनेटलॅब'. प्रयोग करणाऱ्याला प्रत्येक कॉम्प्युटरचा एक वाटा मिळे. त्या वाट्याला ते लोक 'स्लाइस' म्हणत, आपल्या भाषेत फोड! एकच कलिंगड, पण फोडी वेगवेगळ्या.

आता जिथं फुकट फोडी मिळतात तिथं भांडणं होणार नाहीत, असं होईल का?

पहिली अडचण लबाडीची नव्हतीच. एखाद्याच्या प्रोग्रॅममध्ये साधी चूक असे आणि तो कॉम्प्युटरची मेमरी खात सुटे. बाकीचे अडकून बसत. रात्री दोन वाजता कोण कुणाला फोन करणार? म्हणून तिथं एक पहारेकरी प्रोग्रॅम ठेवलेला होता. मेमरी संपत आली की तो इकडेतिकडे पाही आणि ज्या फोडीनं सगळ्यात जास्त जागा व्यापलेली असेल तिचं काम थांबवून तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावी. चूक कुणाची, मुद्दाम केली की नकळत झाली, कसलीच चौकशी नाही! ऐकायला कठोर वाटतं ना? मला मात्र हा पहारेकरी आवडतो. तो कुणाला चोर म्हणत नाही. "बाबा रे, जागा संपली, ऊठ," एवढंच म्हणतो.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. प्रयोग करणारे विद्यार्थी जगभरच्या कॉम्प्युटरांची दारं ठोठावत. कोण जागं आहे आणि कुठला रस्ता चालू आहे, हे त्यांना पाहायचं असे. पण ज्यांच्या दारावर टकटक होई त्यांना वाटे, आला चोर! मग तक्रारी सुरू. यावर उपाय म्हणून प्लॅनेटलॅबनं एक वही ठेवली. कुठल्या फोडीतून, किती वाजता, कुठल्या पत्त्यावर माहिती गेली याची नोंद त्या वहीत आपोआप होई. पत्र फोडून वाचायचं नाही, फक्त पाकिटावरचा पत्ता टिपायचा. आणि गंमत म्हणजे ती वही कपाटात कुलूपबंद नव्हती! ज्याला शंका येईल त्यानं त्या कॉम्प्युटरचा पत्ता आपल्या ब्राउजरमध्ये टाकायचा आणि आपल्याकडे कुणी टकटक केली ते स्वतःच शोधायचं.

तिसरी अडचण मात्र खऱ्या लबाडांची होती. २००३ साली प्रिन्स्टनच्याच काही संशोधकांनी प्लॅनेटलॅबवर 'कोडीन' नावाची एक सेवा सुरू केली. हिचं काम निरोप्याचं. तुम्ही तिला सांगायचं, "अमुक पान आणून दे." ती ते पान तिकडून आणून तुमच्या हातात ठेवणार. सेवा सगळ्यांना खुली होती. म्हणजे माठ भरून ठेवला आणि पेल्याला साखळीच नाही!

मग कोण कोण आलं म्हणता? नको असलेली जाहिरातपत्रं लाखांनी धाडणारे आले. त्यांना आपला खरा पत्ता लपवायचा होता, म्हणून त्यांनी निरोप्याला पुढं केलं. दुसऱ्यांच्या ईमेलचे पासवर्ड ओळखण्यासाठी शब्दांमागून शब्द टाकून पाहणारे आले. काही तर फार हुशार निघाले. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी पैसे भरून घेतलेली महागडी नियतकालिकं फक्त विद्यापीठातूनच उघडत. पण निरोप्या विद्यापीठातच राहणारा! त्याच्याकडून बाहेरच्यांनी ती फुकटात वाचायला सुरुवात केली.

त्या संशोधकांनी सेवा बंद केली का? नाही. त्यांनी साखळी बांधली. बाहेरून येणाऱ्यानं पानं वाचावीत, पण निरोप्याच्या हातून कुठं काही लिहून पाठवू नये. फार घाईनं, एकामागून एक मागण्या करणाऱ्याला थांबवायचं. ग्रंथालयाचं दार त्या त्या विद्यापीठाच्या माणसालाच उघडायचं. साध्या वाचकाला यातलं काही जाणवलंसुद्धा नसेल.

प्लॅनेटलॅब २०२० साली बंद झाली. तिचं काम संपत आलं होतं, लोक दुसरीकडे वळले होते. पण सगळ्या पाणपोया अशा शांतपणे बंद होत नाहीत.

आभासी नाण्यांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. त्यातली काही नाणी मिळवायला कॉम्प्युटरकडून रात्रंदिवस अवाढव्य गणितं करून घ्यावी लागतात. विजेचं बिल बघून घाम फुटतो! मग लबाडांनी विचार केला, गणितं फुकटच्या कॉम्प्युटरांकडून का करून घेऊ नयेत? नाणं आपलं, बिल दुसऱ्याचं. गिटहब या प्रोग्रॅम ठेवण्याच्या जागेवर हा उपद्रव इतका वाढला, की एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी नियम केला : अनोळखी माणसानं पहिल्यांदाच काही पाठवलं, तर प्रकल्प सांभाळणाऱ्यानं होकार दिल्याशिवाय आमचे कॉम्प्युटर त्यावर काम करणार नाहीत. त्याच वर्षी डॉकर कंपनीनं आपली एक फुकट सोय याच कारणानं काढून घेतली. हेरोकू नावाच्या कंपनीकडे तर कितीतरी विद्यार्थ्यांनी आपला पहिलावहिला प्रोग्रॅम फुकट ठेवून जगाला दाखवला होता. फसवणूक आणि गैरवापर आवरण्यातच आमची फार शक्ती जाते असं सांगून, २८ नोव्हेंबर २०२२ पासून तिनं फुकटचा माठच उचलून नेला.

आईबाबांनाही एक गोष्ट सांगायची आहे. लबाडांना अडवण्यासाठी काही ठिकाणी आता आधी क्रेडिट कार्डाचा नंबर मागतात. पैसे कापत नाहीत, फक्त माणूस खरा आहे ना ते बघतात. पण तालुक्याच्या गावातल्या नववीतल्या मुलीनं कार्ड कुठून आणायचं? माझ्या मते ही साखळी फार आखूड झाली. पेला तोंडापर्यंत पोचतच नाही.

आणि साखळी आखूड झाली की काय होतं, त्याचीही एक जुनी गोष्ट आहे. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एक मोठा कॉम्प्युटर अनेक जण वाटून घेत. ॲलन शेर या विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवड्याला ४ तास आले. त्याच्या अभ्यासाला ते पुरेनात. कागदावर फाइल छापून मागायची सोय तिथं होती. एका शुक्रवारी रात्री या पठ्ठ्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापायला टाकली आणि शनिवारी सकाळी जाऊन कागद उचलून आणला! झाले तास जास्त. पुढं बऱ्याच वर्षांनी त्यानं हे स्वतःच सांगून टाकलं. मात्र मधल्या काळात तो यादी एकट्यापाशी ठेवून बसला नव्हता. ती दुसऱ्यांच्याही हाती गेली आणि त्यांनी एका वरिष्ठांच्या खात्यात शिरून त्यांना चिडवणाऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्ज'मध्ये आयआयटी मुंबईसारख्या संस्थांनी केलेले प्रयोग फुकट करता येतात. त्यांत कॉम्प्युटर नेटवर्कचेही आहेत. तिथले बरेचसे प्रयोग तुमच्या स्वतःच्याच कॉम्प्युटरवर, ब्राउजरमध्ये चालतात. पळवायला दुसऱ्याचा कॉम्प्युटर मधे नाहीच. म्हणजे प्रत्येकानं आपला पेला घरून आणायचा!

'प्ले विथ डॉकर' या प्रयोगशाळेची तऱ्हा निराळी. तिथं बसल्याजागी ५ कॉम्प्युटर मिळत आणि ते एकमेकांना जोडून पाहता येत. वेळ ४ तास, मग सगळं पुसून पाटी कोरी. २०१८ च्या अखेरीस सायबरआर्क या कंपनीच्या संशोधकांना तिथल्या भिंतीत एक फट सापडली. आपल्या खोलीतून त्यांना थेट घरमालकाच्या खोलीत शिरता येत होतं. त्यांनी गुपचूप मालकांना कळवलं. जानेवारी २०१९ मध्ये फट बुजली आणि त्यानंतरच ती कशी सापडली ते त्यांनी जगाला सांगितलं.

तुमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत साखळ्या कुठं कुठं आहेत, त्या शोधा बरं. वेळेची वही असेल, बंद केलेल्या साइट असतील, नाहीतर सरांच्या खिशातली किल्ली असेल. आणि कुठली साखळी उगाच आखूड वाटते, तेही आम्हाला कळवा.