गिनी नव्हे, पत्त्यांच्या डावातील चकती!

(प्रतिनिधी)

घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तली, की जुन्या पेट्या उघडल्या जातात. एखाद्या पेटीच्या तळाशी, कापडाच्या पुरचुंडीत, पिवळे गोल नाणे निघते. एका बाजूस इंग्रज राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस मुकुटाखाली ढाल. 'ही गिनी' असे कुणीतरी सांगते आणि वाटणीच्या यादीत तिची नोंद होते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या पाहण्यातील एका घरात असे नाणे देव्हाऱ्यात, चांदीच्या वाटीत ठेवलेले होते. दर धनत्रयोदशीला त्याची पूजा होई, आणि ते कोणाकडे राहावे यावरून दोन भावांत अबोलाही धरला गेला होता. सराफाच्या काट्यावर ते जेमतेम तीन ग्रॅम भरले.

ते नाणे नव्हतेच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये, मुख्यत्वे बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत, अशा पितळी चकत्या मोठ्या प्रमाणावर पाडल्या गेल्या. व्हिस्टसारख्या पत्त्यांच्या खेळात डावाचा हिशेब ठेवण्यासाठी त्या वापरीत. खऱ्या सोन्याऐवजी सोन्यासारखे काही टेबलावर दिसावे, एवढाच हेतू. नमुना मात्र खऱ्या नाण्याचा होता. तिसऱ्या जॉर्जच्या काळात, १७८७ ते १७९९ या वर्षांत पडलेल्या सोन्याच्या गिनीवरील ढालीचा आकार इस्पिकच्या पानासारखा असल्याने ती 'स्पेड गिनी' म्हणून ओळखली जाते. तिचीच ही नक्कल.

ओळखावी कशी? प्रथम अक्षरे वाचावीत. खऱ्या स्पेड गिनीवरील मजकूर लॅटिन असून ढालीभोवती राजाच्या किताबांची आद्याक्षरे असतात. चकतीवर त्या जागी बहुधा 'इन मेमरी ऑफ द गुड ओल्ड डेज', म्हणजे 'त्या जुन्या चांगल्या दिवसांच्या स्मरणार्थ', असे सरळ इंग्रजी वाक्य आढळते. सनही बोलका असतो. उपरोक्त घरातील चकतीवर १७६८ हा आकडा होता. त्या वर्षी ही ढाल गिनीवर आलेलीच नव्हती!

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. त्याच्या एका बाजूस तरुण व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूस मुकुटधारी घोडेस्वार व खाली ड्रॅगन, वर 'टू हॅनोव्हर' आणि सन १८३७. ही मुळात राजकीय थट्टा. हॅनोव्हरच्या गादीवर स्त्रीला बसता येत नसल्याने व्हिक्टोरिया ब्रिटनची राणी होताच तेथील राज्य तिचे काका, कंबरलंडचे ड्यूक अर्नेस्ट ऑगस्टस यांच्याकडे गेले. हे गृहस्थ इंग्लंडमध्ये कमालीचे अप्रिय होते. 'निघाले एकदाचे हॅनोव्हरला', हा त्या चित्राचा भावार्थ. घोडेस्वाराची ढब मात्र १८१७ पासूनच्या सॉव्हरिनवरील सेंट जॉर्जची आहे, त्यामुळे घाईत पाहणारा फसतो. व्हिक्टोरियाचे पहिले सॉव्हरिन १८३८ सालचे आहे, हे लक्षात ठेवले तरी पुरे.

अक्षरे झिजली असतील, तर वजन करावे. गिनी सुमारे ८.३५ ग्रॅम, सॉव्हरिन ७.९८ ग्रॅम, दोन्ही २२ कॅरटची. पितळेची घनता अशा सोन्याच्या जेमतेम निम्मी असल्याने त्याच आकाराची पितळी चकती फार तर चार ग्रॅमच्या आसपास जाते. लोहचुंबकाचा प्रयोग येथे निरर्थक आहे, कारण सोने आणि पितळ दोन्ही त्याला चिकटत नाहीत. चिंच किंवा पितांबरी लावून घासण्याचा मोह तर आवर्जून टाळावा. वाचायची अक्षरेच त्याने पुसट होतात, शिवाय संग्राहकांना अशी चकचकीत केलेली वस्तू नकोशी वाटते.

अर्थात प्रत्येक 'गिनी' पितळीच निघेल, असे नव्हे. आपल्याकडे सॉव्हरिनलाही सर्रास गिनीच म्हणतात, आणि खुद्द मुंबईत १९१८ साली रॉयल मिंटच्या शाखेत सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडण्यात आली होती. त्यांच्यावर पंचम जॉर्जचे मस्तक असून मागील बाजूस सेंट जॉर्जच्या घोड्याखाली, सनाच्या आकड्यांच्या किंचित वर, 'आय' हे इंग्रजी अक्षर बारीक कोरलेले असते. ते दिसण्यासाठी भिंग लागते.