संचालकपदाचा अर्ज दोघांनी वाचायचा असतो

बीबीसीची निवेदिका जिल डँडो हिला २६ एप्रिल १९९९ रोजी लंडनच्या फुलहॅम भागात तिच्याच घराच्या दारात गोळी घालून मारलं. गुन्ह्यांचा छडा लावण्यासाठी प्रेक्षकांची मदत मागणारा ‘क्राइमवॉच’ हा कार्यक्रम ती सादर करायची. तिच्या खुनाचा उलगडा मात्र अजून झालेला नाही. तिचा सहनिवेदक निक रॉस आणि इतरांच्या पुढाकाराने तिच्या नावे निधी उभा राहिला आणि २००१ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये जिल डँडो इन्स्टिट्यूट सुरू झाली. माणूस गुन्हेगार का होतो, यापेक्षा गुन्हा होऊच नये म्हणून काय करता येईल, यावर तिथला भर.

पहिल्या संचालक ग्लोरिया लेकॉक विद्यापीठाच्या पायऱ्या चढत आलेल्या नव्हत्या. त्या ब्रिटनच्या गृहखात्यातल्या संशोधक. साऊथ वेल्समध्ये घरातल्या वस्तूंवर ओळखखुणा करायच्या आणि तसं सांगणारं स्टिकर दारा-खिडकीवर लावायचं, असा प्रयोग त्यांनी अभ्यासला. घरफोड्या घटल्या. पण लेकॉकबाईंनी श्रेय खुणांना दिलं नाही. गाजावाजा झाला की चोऱ्या कमी होतात, हे त्यांनी आकड्यांतून दाखवलं. मोहीम यशस्वी ठरली असतानाही ‘कशामुळे?’ विचारणारा माणूस अशा खुर्चीत लागतो.

आपल्याकडून ब्रिटनमधल्या अशा संस्थेच्या संचालकपदासाठी अर्ज जातात तेव्हा बायोडेटात जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि शोधनिबंधांची लांबलचक यादी असते. पहिल्या दोन गोष्टी तिथे कोणी विचारत नाही. यादी लागते, पण तेवढ्यावर भागत नाही. जाहिरातीसोबत ‘पर्सन स्पेसिफिकेशन’, म्हणजे उमेदवाराकडून काय हवं याची यादी, येतं. त्यातल्या प्रत्येक आवश्यक अटीला उदाहरणासकट उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अर्ज शॉर्टलिस्टच्या अलीकडेच अडतो. ‘नेतृत्वगुण आहेत’ असं नुसतं लिहिणं म्हणजे जागा वाया घालवणं. निधी किती आणला, किती जणांचा गट सांभाळला, कुठल्या पोलीस दलाने काम करायची पद्धत बदलली, हे लिहावं. त्या शेवटच्या मुद्द्याला पैशाचंही वजन आहे: ब्रिटनच्या २०२१ च्या राष्ट्रीय संशोधन मूल्यमापनात समाजावरच्या परिणामाला २५ टक्के गुण होते आणि सरकारी संशोधन निधीच्या एका भागाची वाटणी त्या निकालावर ठरते.

खरी परीक्षा पुढे आहे. पोलिसांची माहिती हाताळायची तर बहुधा स्वतःची पार्श्वभूमी तपासून घ्यावी लागते, सुरक्षित प्रयोगशाळा लागते आणि सगळ्यात आधी पोलिसांचा भरवसा लागतो. ज्यांच्याकडून माहिती घ्यायची, त्यांच्याच योजनेचा उपयोग झाला नाही असा निष्कर्ष निघाला तर? मुलाखतीत हा प्रश्न येणार असं धरूनच चालावं. ‘छापू’ एवढं उत्तर अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकांना आवडेल, ‘आधी तुमच्याशी बोलू’ हे तोच अर्ज वाचणाऱ्या पोलिसांना. दोघांना पटेल असं उत्तर करारात असतं: निष्कर्ष पोलिसांना आधी दाखवायचे, तथ्यांतली चूक दुरुस्त करायची मुभा द्यायची, पण प्रसिद्धीवर नकाराधिकार कुणालाच नाही. असा करार पूर्वी केला असेल, तर तो अर्जाच्या पहिल्याच पानावर यावा.

जाहिरातीच्या तळाशी अनेकदा ‘अनौपचारिक चौकशीसाठी’ म्हणून एक नाव असतं. वशिला लावल्यासारखं वाटतं म्हणून आपली माणसं तिथे फोन करत नाहीत. करावा. सध्याचा निधी कधी संपतोय आणि पोलिसांशी झालेला करार संस्थेच्या नावावर आहे की जाणाऱ्या संचालकाच्या ओळखीवर, एवढं तरी अर्ज धाडण्याआधी विचारून घ्यावं.