नेटच्या नळावर नंबर कुणाचा?

मैत्रिणींनो, संध्याकाळचे सात म्हणजे घरातल्या वाय-फायची परीक्षाच! लेकाचा गेम डाउनलोड होतोय, सासरे मोबाइलवर कीर्तन बघताहेत, आणि तुमचा ऑनलाइन शिवणक्लास नेमका ब्लाउजचा गळा कापताना अडकतो. मग घरातून ठरलेलं वाक्य येतं, 'नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घेऊ.' पण दुखणं दरवेळी प्लॅनचंच असतं असं नाही हं! बरेचदा ते रांगेचं असतं.

सार्वजनिक नळ आठवा. पुढची बाई वीस हंडे घेऊन उभी, मागे तुम्ही फक्त एक तांब्या घेऊन. नळाला पाणी भरपूर आहे, तरी तुम्ही ताटकळताच. इंटरनेटवर माहिती छोट्या छोट्या पॅकेटमधून येते-जाते, आणि राउटरमध्ये या पॅकेटची अशीच रांग लागते. गेमचं डाउनलोड म्हणजे वीस हंडे. व्हिडिओ कॉलमधला आवाज म्हणजे तांब्या. त्याला लागतं थोडंच, पण वेळेवर लागतं. रांग फुगली की आवाज तुटतो. या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हणतात.

उपायही नळावरचाच. 'प्रत्येकीने एकेक हंडा भरायचा, मग पुढचीला द्यायचं.' जॉन नेगल या संगणकतज्ज्ञाने १९८५ मध्ये नेटवर्कसाठी असाच पाळीपाळीचा नियम सुचवला होता. पुढे २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स या संशोधक बाईंनी व्हॅन जेकबसन यांच्यासोबत 'कोडेल' ही पद्धत मांडली. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं, हे ती बघते. थांबणं सतत ५ मिलिसेकंदांच्या वर जाऊ लागलं, तर एखादं पॅकेट मुद्दाम टाकून देते. पाठवणारा संगणक त्यातून काय ते समजतो, वेग आवरतो आणि हरवलेलं पुन्हा पाठवतो. पाळीचा नियम आणि कोडेल एकत्र करून झालेली 'एफक्यू-कोडेल' पद्धत २०१८ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत आली. आज ती अनेक राउटरमध्ये असते.

मग आपण काय करायचं? आधी दुखणं ओळखा. फास्ट डॉट कॉम या साइटवर वेग मोजा आणि 'लेटन्सी'चे दोन आकडे बघा, एक लाइन रिकामी असतानाचा, दुसरा भरलेली असतानाचा. पहिला २० आणि दुसरा ३०० असेल, तर रांग फुगतेय हे नक्की. राउटरच्या सेटिंगमध्ये 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' शोधा. एसक्यूएम असेल, तर मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के मर्यादा तिथे घाला. थोडा वेग सोडावा लागतो, पण रांग आपल्या राउटरच्या ताब्यात राहते. जमत नसेल तर केबलवाल्या दादांना सांगा, 'भाऊ, एवढं लावून द्या.'

राउटर जुना असेल तरी हरकत नाही. फोटोंचा बॅकअप रात्री ठेवा. तो अपलोडची वाट अडवतो, आणि मग डाउनलोडही रखडतं. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर व्हिडिओची क्वालिटी ४८० करा. तेवढ्यात छान दिसतं.

राउटर पॅकेटना समान वागवेल हो, पण घरातली पाळी माणसंच ठरवतात. मुलाचा क्लास म्हणजे 'अभ्यास', नवऱ्याची मीटिंग म्हणजे 'काम', आणि तिने मसाल्याच्या ऑर्डरी घ्यायला फोन हातात धरला की 'टाइमपास'? बिल घरखर्चातून जातं, तिच्या ऑर्डरीचे पैसेही त्याच घरखर्चात येतात. तेव्हा फ्रिजवर एक कागद लावा. कोणाला किती वाजता अडून चालणार नाही, ते प्रत्येकाने लिहायचं. परीक्षा, मुलाखत, डॉक्टरांशी बोलणं, ऑर्डरी आधी. सिनेमा नि गेम नंतर. आणि त्या कागदावर तुमची वेळ लिहायला लाजू नका बरं!